रक्तगट, पूर्वविकार आणि कोविडची तीव्रता

एकाच घरातील दोन व्यक्तींना एकाच विषाणूचा संसर्ग झाला असता एकीस किंचित ज्वर येतो, तर दुसरीस प्राणास मुकावे लागते. हा भेद का पडतो, हा रोगविज्ञानातील जुना प्रश्न होय. २०२० मध्ये करोना विषाणूची साथ जगभर पसरली तेव्हा या प्रश्नाची दोन उत्तरे विशेष चर्चिली गेली : एक रक्तगटाचे व दुसरे पूर्वीपासून जडलेल्या व्याधींचे. ही दोन्ही उत्तरे एकाच तोलाची आहेत, असा समज पुष्कळांचा झाला. परंतु संसर्ग होणे ही एक घटना आणि झालेला संसर्ग तीव्र होणे ही दुसरी. या दोहोंत भेद केल्यावाचून उपलब्ध आकड्यांचा अर्थ नीट लागत नाही.

कार्ल लान्डस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे मानवी रक्तगटांचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘ए’ व ‘बी’ हे गट पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करा-रचनांवरून ठरतात. या रचना केवळ तांबड्या पेशींवरच नव्हे, तर श्वसनमार्ग व आतडी यांच्या अस्तरावरही आढळतात. ‘ओ’ गटात या दोन्ही रचना नसतात. मात्र त्या गटाच्या रक्तद्रवात दोहोंच्या विरुद्ध प्रतिपिंडे असतात. २००३ मध्ये हाँगकाँग येथे सार्स रोगाच्या साथीत एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तीत ‘ओ’ गटाच्या व्यक्तींना संसर्ग कमी झाल्याचे दिसले. यावरून पुढील उपपत्ती मांडण्यात आली : ‘ए’ गटाच्या रुग्णाच्या पेशींत वाढलेला विषाणू त्या गटाची शर्करा स्वतःच्या आवरणावर घेऊन बाहेर पडतो आणि ‘ओ’ गटाच्या व्यक्तीतील प्रतिपिंडे त्याला अटकाव करतात. ही उपपत्ती संसर्गाच्या प्रवेशासंबंधीची आहे. रोग पुढे किती बळावेल, याविषयी ती काही सांगत नाही. तीव्रतेच्या संदर्भात दुसरी एक गोष्ट पुढे केली जाते. रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या फॉन विलेब्रांट घटकाचे प्रमाण ‘ओ’ गटात सुमारे २५ टक्क्यांनी कमी असते आणि कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या हा एक गंभीर उपद्रव असतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. वूहान येथील एका रुग्णालयातील १,७७५ रुग्णांत ‘ए’ गटाचे प्रमाण ३७.७५ टक्के होते. त्याच शहरातील सर्वसाधारण लोकांत ते ३२.१६ टक्के होते. ‘ओ’ गटाचे प्रमाण अनुक्रमे २५.८० व ३३.८४ टक्के भरले. जून २०२० मध्ये इटली व स्पेन येथील १,९८० गंभीर रुग्णांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अन्य गटांच्या तुलनेने ‘ए’ गटाचे शक्यता-गुणोत्तर १.४५ व ‘ओ’ गटाचे ०.६५ आढळले. तथापि, केवळ प्राणवायू द्यावा लागलेले रुग्ण आणि कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलेले रुग्ण यांची परस्परांशी तुलना केली असता रक्तगटांत लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय अशा अभ्यासांच्या तुलनागटात रक्तदाते असल्यास आणखी एक अडचण उद्भवते. ‘ओ’ गटाच्या दात्यांना मागणी अधिक असल्याने रक्तदात्यांत त्यांचे प्रमाण मुळातच वाढलेले असू शकते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यातून प्रसिद्ध झालेल्या, १,०७,७९६ व्यक्तींच्या अभ्यासात तर रक्तगटाचा संसर्गाशी वा तीव्रतेशी कोणताही संबंध आढळला नाही. त्याच वर्षी १९ देशांतील ४९,५६२ रुग्णांच्या जनुकीय माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात रक्तगट ठरविणाऱ्या जनुकाचा संबंध मुख्यत्वे संसर्ग होण्याशी, तर तिसऱ्या गुणसूत्रावरील एका भागाचा संबंध तीव्रतेशी जोडला गेला.

पूर्वविकारांचे चित्र याहून ठळक आहे. इंग्लंडमधील १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १०,९२६ व्यक्ती कोविडशी संबंधित कारणाने मृत्यू पावल्या होत्या. पन्नाशीतील व्यक्तींच्या तुलनेने ऐंशी वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींत मृत्यूचा धोका सुमारे २० पट होता. रक्तशर्करा काबूत नसलेल्या मधुमेहींत तो १.९५ पट, तर ती काबूत असलेल्यांत १.३१ पट होता. अतिस्थूल व्यक्तींत १.९२ पट. उलटपक्षी, वय, मधुमेह, स्थूलता इत्यादी घटक हिशेबात घेतल्यावर उच्च रक्तदाबामुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. रक्तदाबाचे रुग्ण अधिक संख्येने दगावले ते प्रामुख्याने त्यांचे वय व इतर व्याधी यांमुळे, असा याचा अर्थ संभवतो. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे तत्त्व रक्तगटाप्रमाणे पूर्वविकारांनाही लागू आहे.

मधुमेहाच्या बाबतीत मात्र कारणांची साखळी बरीच स्पष्ट आहे. वाढलेल्या शर्करेमुळे श्वेतपेशींची जंतुनाशक शक्ती घटते, रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा होते आणि दाह वाढतो. गंभीर रुग्णांस जीवदान देणारी डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड औषधेच शर्करा आणखी वाढवितात. २०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने जे थैमान घातले, त्यात मधुमेही व स्टेरॉइड घेतलेले रुग्ण मोठ्या संख्येने होते.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, रक्तगटाचा परिणाम असलाच तर तो अल्प असून मुख्यतः संसर्गापुरता आहे. तीव्रतेचा अंदाज मात्र वय व पूर्वविकार यांवरूनच बांधावा लागतो. रक्तगटावरून उपचार वा लसीकरण यांत भेद करण्यास आधार नाही. ‘ओ’ गटाच्या वृद्ध मधुमेह्याने स्वतःस सुरक्षित मानणे घातक ठरेल आणि ‘ए’ गटाच्या निरोगी तरुणाने भयभीत होण्याचे कारण नाही. रक्तगट जन्मतः ठरतो व त्यावर इलाज नसतो. रक्तशर्करा मोजता येते आणि आवरताही येते. वैद्याचे लक्ष जेथे असावयास हवे ते स्थान हेच होय.