मोटारसायकलचे जादा दिवे

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरताना करूळ घाट लागतो. पावसाळी रात्री तेथे मोटारसायकलचा एकच दिवा अपुरा पडतो, म्हणून माझ्या धाकट्या भावाने ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे आणून स्वतःच बसविले. जोडणी मूळ दिव्याच्या स्विचमधूनच केली. घाटात दिवे पिवळट पडले, हँडलपाशी प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला आणि ऐन वळणावर नवे-जुने सगळेच दिवे गेले. वेग बेताचा होता, म्हणून तो कठड्याच्या अलीकडे थांबू शकला.

घरातला ६० वॅटचा बल्ब साध्या स्विचवर वर्षानुवर्षे चालतो. मग येथे स्विच का जळाला?

विद्युत्‌शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे तुम्ही शिकला आहात. घरी २३० व्होल्ट असल्याने त्या बल्बाला जेमतेम पाव अँपिअर प्रवाह पुरतो. गाडीची बॅटरी मात्र १२ व्होल्टची. दोन दिव्यांच्या ११० वॅटला १२ ने भागा. प्रवाह येतो सुमारे ९ अँपिअर! शिवाय उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मूळ दिव्यापुरत्या बनविलेल्या स्विचला हा भार कसा सोसावा?

आता दिवे पिवळट का पडले ते पाहू. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या ३ मीटर तारेचा रोध सुमारे ०.१ ओहम असतो. क्षुल्लक वाटतो ना? पण ९ अँपिअरला त्यात ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. स्विचमधील घट धरली तर दहा टक्के व्होल्टता वाटेतच जाते, आणि तंतूच्या दिव्याचा प्रकाश त्यामुळे सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली असती तर तारेतील घट पाचव्या हिश्श्यावर आली असती.

स्विचच्या दुखण्यावर उपाय म्हणजे रिले. हा विद्युत्‌चुंबकाने चालणारा स्विच. हँडलवरच्या वेगळ्या छोट्या बटणातून फक्त त्याच्या वेटोळ्याचा, अँपिअरच्या पाचव्या भागाहूनही कमी प्रवाह जातो; दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीकडून जाड तारेने, रिलेमार्गे थेट दिव्यांकडे जातो. या तारेत बॅटरीला अगदी लागून १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. फ्यूज दिव्याजवळ बसविला, तर मधली तार सांगाड्याला घासून उघडी पडल्यास तो काय करणार?

एवढे वॅट पुरविण्याची ताकद गाडीच्या जनित्रात आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. लहान गाड्यांत बहुधा नसते. २० वॅटचे दोन एलईडी दिवे साडेतीन अँपिअरच्या आतच भागवतात. जादा दिव्यांबाबत मोटार वाहन नियमांची बंधने आहेत, तीही आधी पाहावीत.

राहिला झोत. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली हवी. दिवा ७५ सेंटिमीटर उंच असेल तर ती कड साडेसदतीस मीटरवर रस्त्याला टेकते. हे माप दोघे जण गाडीवर बसलेले असतानाच घ्यावे. मागची बाजू ३ सेंटिमीटर जरी जास्त दबली, तरी चाकांतील अंतर १.३ मीटर धरल्यास भिंतीवरचा झोत साडेअकरा सेंटिमीटर वर चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो.