आरसी बुकातले नाव

मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला माझे माहेर आहे. तिथल्या जुन्या गोठ्यात अब्बांची फियाट वीसेक वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. एका बाजूला भाताचा पेंढा, दुसऱ्या बाजूला सरपण. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, म्हणून अम्मीने काचा वर करून ठेवल्या. अब्बा होते तोवर दर जूनला ते गाडीखाली विटा सरकवायचे आणि खालच्या पत्र्याला जळके ऑईल फासायचे. आमच्याकडचा पाऊस पत्रा खाऊन टाकतो. चार वर्षांपूर्वी अब्बा गेले, तेव्हापासून विटा तशाच आहेत.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन गृहस्थ आले. बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर पाहिला, वहीत टिपून घेतला आणि अडीच लाख देतो म्हणाले. भाई उडालाच. अब्बांनी ती चोवीस हजारांना घेतली होती, तेही हप्त्याने. जाता जाता पाहुण्यांनी विचारले, "पेपर क्लिअर आहेत ना?" भाई म्हणाला, हो, आणि अब्बांची पत्र्याची पेटी उघडली. आरसी बुक निघाले. हाताने लिहिलेले, शिक्क्यांनी भरलेले, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. त्यात मालकाचे शेवटचे नाव अब्बांचे नव्हतेच. भोरच्या बाजारपेठेतल्या एका तांदूळ व्यापाऱ्याचे होते.

मी स्वतः या गाडीतून परीक्षेला गेले, या गाडीतून सासरी गेले. नसरापूर फाट्यावर अब्बांचे गॅरेज होते. रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवरून माणूस यायचा, "मिस्त्री, बाई अडलीय" म्हणायचा आणि अब्बा गाडी काढायचे. पंचक्रोशीत ती 'मिस्त्रीची गाडी' होती. कागदावर मात्र ती एक दिवसही मिस्त्रीची नव्हती.

हे प्रकरण माझ्याकडे आले ते एका साध्या कारणाने. आम्हा भावंडांत उर्दू वाचता येते ते फक्त मला. अब्बांचे शिक्षण उर्दूत चौथीपर्यंत झालेले, आणि गॅरेजचा सगळा हिशेब ते खिशातल्या छोट्या वह्यांत उर्दूत लिहीत. भाई मराठी शाळेत शिकला. त्याला त्या वह्या म्हणजे नुसत्या रेघोट्या. पेटीत अशा अकरा वह्या निघाल्या. त्या घेऊन मी भोरला, माझ्या घरी आले.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी स्कूटर, ट्रॅक्टर किंवा जीप असेल, म्हणून कायद्याचे थोडे सांगते. गाडी विकली, पैसे मिळाले, चावी दिली की व्यवहार संपला असे आपण धरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नोंदणीच्या पुस्तकात ज्याचे नाव, तो मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले: गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. म्हणजे अब्बा आंबवणे-विंझरच्या वळणांवरून रात्री गाडी हाकत होते, आणि जोखीम भोरच्या एका दुकानदाराच्या नावावर होती. विकताना फॉर्म २९ आणि ३० भरायचे असतात. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. यातले काहीही, कोणीही केले नव्हते.

मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले. गाडी १९६७ ची, 'फियाट ११०० डिलाइट'. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचे इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच. हिचीच पुढची बहीण म्हणजे पद्मिनी, जी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचीही शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आणि हिची मोठी बहीण ती 'डुक्कर फियाट', जिची पुढची दारे उलटी उघडायची.

पहिले नाव पुण्याच्या एका डॉक्टरांचे, पत्ता शनिवार पेठेतला. तिथे आता पाच मजली इमारत आहे. पण खालच्या औषधाच्या दुकानात जुन्या माणसाने ओळखले आणि डॉक्टरांच्या मुलीचा पत्ता दिला. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. मी बुरखा घालून दारात उभी, हातात आरसी बुकाची झेरॉक्स. त्यांनी चष्मा लावला, नंबर वाचला आणि मला आत ओढूनच नेले.

त्या सांगत होत्या, त्या काळी पैसे असून गाडी मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. त्यांच्या वडिलांनी नंबर लावला तेव्हा त्या प्राथमिक शाळेत होत्या आणि गाडी दारात आली तेव्हा मॅट्रिकला. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, "मागच्या डाव्या दाराला आतून, काचेच्या खाली, काही दिसतं का बघाल? मी आणि माझ्या भावाने कंपासच्या टोकाने आमची अक्षरं कोरली होती. बाबांनी फार मारलं." तो भाऊ १९७१ मध्ये गेला, एवढेच त्या बोलल्या.

त्या रविवारी मी आणि भाईने ताडपत्री काढली. अब्बांनी या गाडीला माझ्या आठवणीत दोनदा रंग दिला होता, आतल्या पत्र्यालाही. सगळीकडे फिकट निळा. फक्त मागच्या डाव्या दारावर बोटभर लांबीची पट्टी मूळच्या करड्या रंगाची सोडलेली होती आणि तिच्यात दोन अक्षरे होती. अब्बांना ती कोणाची हे माहीत असणे शक्य नव्हते. कोणाची तरी आहेत एवढे कळले असेल. मी फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांचा फोन आला, पण बोलणे फारसे झाले नाही.

दुसरे नाव १९७४ चे, रस्त्यांची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराचे. त्यांनी गाडी कर्जावर घेतलेली, म्हणून पुस्तकात कर्ज देणाऱ्या कंपनीच्या बोज्याचा शिक्का होता. १९७७ मध्ये बोजा उतरल्याचाही शिक्का निघाला. तो नसता तर आणखी एक गाठ बसली असती. जुनी गाडी घेताना हा दुसरा शिक्का अवश्य पाहावा. ठेकेदारांच्या घरच्यांचा पत्ता लागला नाही, आणि कागदासाठी त्याची गरजही उरली नव्हती.

तिसरे नाव भोरच्या शेटजींचे, १९८१. त्यांचे दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. मी तिथून इंद्रायणी घेते! शेटजी १९९८ मध्ये वारले. दुकान मोठा मुलगा पाहतो. त्याला विषय सांगितला तर तो हसला, "मॅडम, ती गाडी अजून आहे?" मग त्याच्या आईला वरून बोलावले. काकूंना अब्बा चांगलेच आठवत होते. म्हणाल्या, "यांना रात्री फोन आला की वाटायचं, मिस्त्रीच्या गाडीला काही झालं. पण मिस्त्रीला बोलले नाहीत कधी."

शेटजींच्या खतावण्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या होत्या. १९९२ ची निघाली. एका मांडीवर त्यांची मराठी खतावणी आणि दुसऱ्या मांडीवर अब्बांची उर्दू वही घेऊन मी दुकानातल्या पोत्यावर बसले. गाडीची किंमत २४,०००. रोख दिले १०,०००. उरलेले १४,००० दरमहा ५०० प्रमाणे. तारखा जुळत गेल्या. खतावणीत 'मिस्त्रीकडून जमा', वहीत 'सेठ को दिए'. पंचवीस हप्ते, एकाही रुपयाचा फरक नाही. १९९४ च्या अखेरीस खतावणीत शेवटची ओळ होती: बाकी १,५००.

अब्बांच्या वहीतही १,५०० होते. पण समोर लिहिले होते: टेम्पोचे काम, वजा. आणि त्याखाली, वेगळ्या शाईने: सेठजींशी बोलायचे आहे.

नंतरच्या कुठल्याही वहीत ते बोलणे झाल्याची नोंद नाही. शेटजींच्या टेम्पोचे काम अब्बांनी केले होते, हे त्यांच्या मुलालाही आठवते. त्याची मजुरी गाडीच्या पैशांत धरायची की वेगळी, हे दोघांत ठरलेच नसावे. काकूंच्या मते पूर्ण पैसे फिटल्यावर सही करायची असे बोलणे होते. एकाला मागायला संकोच, दुसऱ्याला विषय काढायला संकोच. शेटजी जाईपर्यंत दोघे रोज एकमेकांच्या हातचा चहा पीत होते आणि या १,५०० रुपयांवर कोणी बोलले नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे मी मुलांना शिकवते. इथे तर दोघांनीही लिहिले होते. फक्त एकमेकांना दाखवले नव्हते.

मुलगा म्हणाला, "सोडा हो मॅडम, पंधराशे रुपयांचं काय घेऊन बसलात." भाई म्हणाला, काम केले होते, मग कर्ज कसले? त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. वाईच्या आपाला फोन केला. ती म्हणाली, शंका आहे ना, मग देऊन टाका, अब्बांच्या मानेवर कशाला ठेवायचे? अम्मी बाजूला तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितले, "पराये का हक घर में रख्या तो बरकत नई होती."

मला त्या वेळी लालबहादूर शास्त्री आठवले. पंतप्रधान असताना १९६४ साली त्यांनी घरच्यांसाठी फियाटच घेतली, १२,००० रुपयांची. त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला ते वारले, तेव्हा कर्ज फिटले नव्हते. ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी आजही दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे.

आपल्या शरियतमध्ये क्रम स्वच्छ आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतली वसीयत आणि त्यानंतर वारसांचे वाटे. १९९४ च्या १,५०० रुपयांचे आज किती, हाही प्रश्न होताच. आलिमांना विचारले. ते म्हणाले, कर्ज तेवढेच राहते. ठरवून वाढवले तर व्याज होते. आपल्या खुशीने काही जास्त दिले तर हरकत नाही. म्हणून आम्ही १,५०० रोख आणि घरच्या आंबेमोहराचे एक पोते द्यायचे ठरवले. तांदळाच्या दुकानात तांदूळ न्यायचा म्हणून भाई लाजत होता.

खरी अडचण पुढे आली. गाडी शेटजींच्या नावावरून थेट आमच्या नावावर येत नाही. आधी त्यांच्या वारसांच्या नावावर, मग आमच्या. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे आणि मुली सगळेच वारस. म्हणजे काकू, तीन मुलगे आणि साताऱ्याला दिलेली मुलगी. मुलगा म्हणाला, "तिची सही कशाला? तिने जमिनीचं हक्कसोड दिलंय."

मी भाईकडे पाहिले. भाई पोत्याच्या गाठीशी खेळत होता. कारण मी आणि आपानेही सात वर्षांपूर्वी, अब्बा असतानाच, घराच्या आणि भातखाचराच्या कागदावर अशीच सही केलेली आहे. तेव्हा मला कोणी विचारले नाही आणि मीही काही विचारले नाही. बीएड झालेली, रोज वर्गात उभी राहणारी बाई, अंगठा दिल्यासारखी सही करून आले. पण हक्कसोड ज्या मिळकतीचे लिहिलेले असते तेवढ्याचेच असते. त्या कागदात गाडी नव्हती.

परतताना गाडीत, म्हणजे भाईच्या नव्या गाडीत, मी हिशेब सांगितला. कर्ज फिटल्यावर जे उरेल त्याचे ३२ वाटे. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे ४, भाईचे १४, आपाचे ७, माझे ७. अडीच लाखांत माझे चोपन्न हजारांच्या आसपास होतात. कापूरव्होळपर्यंत भाई काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू घेणार?" मी म्हटले, "घेणार. नंतर कोणाला काय द्यायचे ते मी ठरवीन." चेलाडी फाट्यावर त्याने गाडी थांबवली, दोन चहा सांगितले आणि विचारले, "मग जमिनीचं पण काढणार का?" मी म्हटले, आज गाडीचे चालले आहे. त्याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते, आजही पुरते नाही. आपाशी बोलणे चालू आहे.

गाडी विकायची की नाही, हेही आता तेवढे पक्के राहिलेले नाही. २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पूर्वीची नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी मेळाव्याला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर नेता येते. रोजच्या वापराला नाही. त्या काळात कित्येकांनी फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवले. अब्बा स्वतः मिस्त्री, त्यांना ते सहज जमले असते. त्यांनी नाही बसवले. पुस्तकातला इंजिन नंबर आणि बॉनेटखालचा नंबर अजून एकच आहे. बाईंनी कोरलेली अक्षरेही 'फेरफारात' मोजत नाहीत, हे मी भाईला मुद्दाम सांगितले.

गेल्या जुम्याला आम्ही काकूंकडे जाऊन आलो. त्यांनी पैसे मोजून घेतले, मुलाला त्याच जुन्या खतावणीचे पान काढायला लावले आणि 'बाकी १,५००' च्या खाली त्याच्या हातून 'जमा' लिहवून घेतले. तारीख आजची. मग मला म्हणाल्या, "तुझ्या वहीतही लिही." मी अब्बांच्या वहीत, 'सेठजींशी बोलायचे आहे' या ओळीखाली, उर्दूत लिहिले: बोलणे झाले.

फॉर्मवर काकूंची आणि दोन मुलांची सही झाली आहे. तिसरा मुलगा पिंपरीला असतो, तो सुट्टीला येईल. भाईने कागद चिकटवून चेसिस नंबरची पेन्सिलीने छाप घेऊन ठेवली आहे. अम्मीने बॅटरी धरली होती. साताऱ्याच्या ताई दिवाळीनंतर माहेरी येतात. त्यांनी काकूंना फोनवर सांगितले म्हणे, सही करते, पण आधी सगळे कागद वाचून बघीन.