खिशात चाकू, ओठांत गवत

सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम सुरू होण्याआधी एकच लांबलचक सूर येतो आणि त्याला धरून बाकीचे सगळे आपापली वाद्यं लावून घेतात. तो सूर ओबोचा. साऱ्या ताफ्याला सूर देणाऱ्या या वाद्याचा स्वतःचा सूर मात्र गवताच्या दोन पापुद्र्यांवर टेकलेला असतो. ओबो लाखांच्या घरात जातो. त्या पापुद्र्यांचं, म्हणजे रीडचं आयुष्य, वाजवण्याचा हिशेब धरला, तर जेमतेम दहा-पंधरा तास.

इथे पेटीची रीड डोळ्यांपुढे आणू नका. ती पितळेची, एकेरी आणि आजोबांकडून नातवाकडे जाणारी. ओबोची रीड दुहेरी, सनईच्या पत्तीसारखी. फुंकर गेली की दोन पाती थरथरत एकमेकांवर आपटतात.

फ्रान्सचं सोनं, कॅलिफोर्नियाचं तण

या गवताचं नाव अरुंडो डोनॅक्स. दिसायला बांबू, आतून बोरूसारखं पोकळ. दक्षिण फ्रान्समधल्या वार भागातलं सर्वांत नावाजलेलं. तेच गवत कॅलिफोर्नियात नदीकाठ गिळंकृत करतं म्हणून मुळासकट उपटतात.

ओबोसाठी 10 ते 11 मिलिमीटर व्यासाची नळी निवडायची, उभी चिरून तिच्या तीन फाळी करायच्या आणि आतून खरवडून मधली जाडी 0.6 मिलिमीटरपर्यंत आणायची. मग ती पट्टी मधोमध दुमडून, कॉर्क लावलेल्या 47 मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायची. गंमत म्हणजे इथवर रीड मुकीच असते. दुमडलेलं टोक कापलं की तिला तोंड फुटतं. त्यानंतर खरी परीक्षा, चाकूची. टोक इतकं पातळ करायचं की उजेड आरपार दिसावा. जास्त खरवडलं गेलं तर भर घालायची सोय नाही, नवी पट्टी घ्यायची. म्हणून बरेच व्यावसायिक ओबोवादक निम्मे सुतार असतात. रियाजाइतकाच वेळ धार लावण्यात आणि खरवडण्यात जातो. विमानप्रवासात रीडची डबी हातातल्या पिशवीत आणि चाकू मोठ्या बॅगेत, हे विसरून चालत नाही.

आधी कावळा, मग कोकिळा

रीड जमली की नाही हे ओबोला न लावताच कळतं. नुसती रीड ओठांत धरून फुंकायची. जो कर्कश आवाज येतो त्याला इंग्रजीत चक्क 'क्रो' म्हणतात. अमेरिकन पद्धतीची रीड बरोबर असेल, तर त्या कावकावीत 'सी' हा स्वर दोन सप्तकांत एकदम ऐकू येतो.

अमेरिकन पद्धत वेगळी, कारण मार्सेल टाब्युटो. हा फ्रेंच वादक 1915 ते 1954 फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात होता. युरोपात रीडचं फक्त टोकाकडचं थोडं अंग खरवडतात. टाब्युटोच्या परंपरेत खरवड पार खालपर्यंत जाते, मध्ये कणा राखून. सूर अधिक गडद आणि गोल येतो, असं त्या घराण्याचं म्हणणं. युरोपवाल्यांना विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल. घराणी म्हटली की हे आलंच.

घट्ट बसली, तरी बिघडली

दुकानातून आणलेली रीड उत्तम असूनही तुमच्या ओबोवर रुसू शकते. कॉर्क जाड असेल तर ती तळापर्यंत उतरत नाही, खाली पोकळी राहते आणि काही सूर डगमगायला लागतात. अशा वेळी जोर लावायचा नाही. कॉर्कला जरासं ग्रीस, नाहीतर पॉलिश पेपरचे दोन हात. सूर चढा वाटतो म्हणून रीड बाहेर ओढणं हाही उपाय नव्हे, कारण मग तीच पोकळी आपण हाताने तयार करतो.

दोन पात्यांच्या कडेतून हवा गळत असेल तर? वरून पातळ पापुद्रा गुंडाळतात. त्याला म्हणतात 'फिश स्किन', पण तो येतो गुराच्या आतड्यातून. हाती नसेल तर नळ दुरुस्त करणाऱ्याची पांढरी टेफ्लॉन टेपही चालते.

डुमरावचं गवत

गवतावर अवलंबून असण्याचं दुखणं सनईवाल्यांचंही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचं जन्मगाव बिहारमधलं डुमराव, आणि तिथे सोन नदीकाठी मिळणाऱ्या नरकट गवताची पत्ती सनईला लागते. आपल्या सोयीत एक शहाणपण जास्त: जादा पत्त्या आणि साफसफाईची सुई दोऱ्याने वाद्यालाच लटकलेली. ओबोवाल्यांना रीड भिजवायला पाण्याची डबी वेगळी बाळगावी लागते. कॅमेऱ्याच्या रोलची छोटी प्लॅस्टिकची डबी त्यासाठी इतकी सोयीची होती, की डिजिटल कॅमेरे आल्यावरही अनेकांनी ती जपून ठेवली.

रीडचं तोंड एवढं चिंचोळं, की हवा फारच थोडी आत जाते. वादकाला दम पुरत नाही असं नाही, उरतो! छातीत साचलेली शिळी हवा आधी सोडायची, मगच नवा श्वास.

आणि ओबोच्या पेटीत सिगारेटचा कागद दिसला तर लगेच संशय घेऊ नका. श्वासाची वाफ थंड होऊन चाव्यांखालच्या भोकांत पाणी साचतं. ते टिपायला तोच कागद सर्वांत बरा.