ग्रॅहम काउंटीतली गावं

डेन्व्हरला गाडीनं जाताना कॅन्सस कधी एकदा संपतं याचीच आपली मंडळी वाट बघत असतात. आम्हीही त्यातलेच! पण आय-७० सोडून थोडं उत्तरेला गेलं की ग्रॅहम काउंटी लागते. तिथल्या दोन-तीन चिमुकल्या गावांची हकिगत वाचकांना सांगावीशी वाटते.

त्यातलं निकोडेमस १८७७ साली वसलं. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या नशिबी दुसऱ्याच्या शेतात राबणं आणि दहशतीत जगणं होतंच. अशा वेळी डब्ल्यू. आर. हिल नावाच्या गोऱ्या जमीन-व्यावसायिकानं काही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांबरोबर कंपनी काढली आणि केंटकीत जाहिरात केली. स्वतःची जमीन, स्वतःचं गाव! सप्टेंबरात तीनशेच्या वर माणसं आली.

एलिस स्टेशनला उतरून पुढचा प्रवास पायी नाहीतर बैलगाडीनं. विलियाना हिकमन ही बाई १८७८ च्या वसंतात आली. "ते बघ गाव," असं नवऱ्यानं दाखवल्यावर तिला घरंच दिसेनात, नुसता जमिनीतून निघणारा धूर! माणसं खड्डे खणून त्यात राहत होती. तिला रडू कोसळलं, असं तिनंच पुढे सांगून ठेवलं आहे. झाडं नाहीत म्हणजे लाकूड नाही, आणि लाकूड नाही म्हणजे घर नाही, इतका साधा हिशोब. जनावरं, अवजारंही पुरेशी नव्हती, त्यामुळे कित्येकांनी माळरान कुदळ-फावड्यानंच फोडलं. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी मांस दिलं म्हणून निभावलं, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. काही कुटुंबं परत फिरली. राहिलेल्यांपैकी जेनी फ्लेचरबाईंनी अशाच एका खड्डेवजा घरात मुलांना शिकवायला सुरुवात केली. गावचे एडवर्ड मॅकेब तर १८८२ साली राज्याचे हिशेबतपासनीस म्हणून निवडून आले. पाच वर्षांच्या गावाला हे काय कमी झालं?

शेजारच्या मिलब्रुकचं नशीब मात्र वेगळं. १८८७ च्या वावटळीनं ते गाव उद्ध्वस्त झालं आणि काउंटीचं ठाणं हिल सिटीला गेलं. हो, हे नाव त्याच हिलसाहेबांचं.

निकोडेमसची आशा आता रेल्वेवर होती. गावानं त्यासाठी १६,००० डॉलरचे रोखेही मंजूर केले. पण १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा रूळ पडला तो सॉलोमन नदीच्या पलीकडे, काही मैलांवर. तिथे बोग गाव उभं राहिलं आणि दुकानदार दुकानं उचलून तिकडे निघाले. आपल्याकडे नाही का, फाट्यावर एसटी थांबायला लागली की हॉटेलं, किराणा सगळं तिकडे सरकतं, तसंच.

दुकानं गेली, शेतकरी राहिले. पुढे दुष्काळ आणि १९३० च्या दशकातली धुळीची वादळं आली. १९५३ साली पोस्टही बंद झालं. आज कायमचे राहणारे मूठभरच आहेत, पण दरवर्षी जुलैअखेर गावातल्या घराण्यांचे वंशज दूरदूरच्या राज्यांतून इथे जमतात. १९९६ मध्ये सरकारनं या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं. टाउनशिप हॉल, चर्च, शाळा अशा पाच जुन्या वास्तू तिथे उभ्या आहेत.

डेन्व्हरला जाताना वाट थोडी वाकडी करावी लागते, एवढंच.