धूर येताच थांबणारा पंखा

शेतातल्या विहिरीवर किंवा पिठाच्या गिरणीत भिंतीवर बसवलेली स्टार्टरची पेटी तुम्ही पाहिलीच असेल. तिच्यावर एक हिरवे आणि एक लाल अशी दोन बटणे असतात. हिरवे बटण क्षणभर दाबून सोडले की मोटर सुरू होते आणि बोट काढले तरी चालूच राहते. मात्र मध्येच वीज गेली आणि परत आली, तर मोटर आपण होऊन सुरू होत नाही. बटण पुन्हा दाबावे लागते. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर एका छोट्याशा जोडणीत आहे. त्याच जोडणीत थोडी भर घालून आपण आज धूर येताच स्वतः थांबणारा पंखा कसा करतात ते पाहू.

तुम्ही म्हणाल, धूर झाला तर पंखा उलट जोराने लावायला नको का? फोडणी करपली असेल तर जरूर लावा. पण मोठ्या इमारतीत हवा खेळवणारा पंखा एका ठिकाणची हवा ओढून पत्र्याच्या नळांमधून अनेक खोल्यांत नेत असतो. त्या हवेत धूर शिरला की पंखा तोही इमानाने सगळीकडे पोहोचवतो. शिवाय आगीला ताजा प्राणवायू मिळतो तो वेगळाच. २१ नोव्हेंबर १९८० रोजी अमेरिकेत लास व्हेगास येथील एमजीएम ग्रँड या २६ मजली हॉटेलात तळाच्या उपाहारगृहात आग लागली. ज्वाळा मुख्यतः खालच्या भागापुरत्याच राहिल्या, तरी ८५ माणसे दगावली आणि त्यांतली बहुसंख्य वरच्या मजल्यांवर, धुराने गुदमरून. जिने, लिफ्टचे बोगदे आणि हवा खेळवणारी यंत्रणा या वाटांनी धूर वर गेला होता.

आता रिलेकडे वळू. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला की गाभा चुंबक बनतो आणि समोरची लोखंडी पट्टी ओढून घेतो. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला मागे नेते. पट्टीच्या या हालचालीने काही स्पर्शबिंदू जुळतात, तर काही सुटतात. म्हणजे वेटोळ्यातला बारीकसा प्रवाह दुसऱ्या मंडलातला मोठा प्रवाह चालू-बंद करतो. जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास ही युक्ती वापरली होती. तुमच्या स्टार्टरमधला काँटॅक्टर हा या रिलेचाच दांडगा भाऊ.

वेटोळ्याकडे जाणारी तार आधी लाल बटणातून जाते. हे बटण एरवी मिटलेले असते आणि दाबले की उघडते. पुढे ती हिरव्या बटणातून जाते. ते एरवी उघडे असते. खरी गंमत पुढेच आहे. हिरव्या बटणाच्या दोन टोकांना रिलेचाच एक स्पर्श समांतर जोडलेला असतो. बटण दाबताच रिले ओढला जातो आणि त्याचा हा स्पर्श मिटतो. मग बोट काढले तरी वेटोळ्याला या आडवाटेने प्रवाह मिळत राहतो. रिले जणू स्वतःचाच हात धरून उभा राहतो. लाल बटण दाबा किंवा वीज जाऊ द्या, हात सुटला की सुटला.

ही सारी हकिगत एका ओळीत लिहिता येते. हिरवे बटण ह, रिलेचा स्वतःचा स्पर्श स्व आणि लाल बटण ल. ज्यातून प्रवाह जाऊ शकतो तो स्पर्श ‘मिटलेला’ मानू.

पंखा चालू = (ह किंवा स्व) आणि ल

समांतर जोडणी म्हणजे ‘किंवा’, एकसर जोडणी म्हणजे ‘आणि’. रिलेच्या मंडलांना बूलचे बीजगणित असे लावता येते, हे क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने १९३७ साली एमआयटीमधील आपल्या प्रबंधात दाखवले. आजच्या संगणकांचा आराखडाही याच ‘आणि’, ‘किंवा’वर उभा आहे.

आता धुराचा स्पर्श (ध) कुठे घालायचा? पुष्कळजण तो हिरव्या बटणाशेजारी, त्याच फांदीत घालतात. कागदावर ते असे दिसते: (ह आणि ध) किंवा स्व. पण एकदा पंखा सुरू झाला की प्रवाह ‘स्व’च्या वाटेने जातो; धुराने ‘ध’ उघडला तरी पंख्याला त्याचा पत्ताच नाही! म्हणून ‘ध’ कंसाच्या बाहेर हवा, लाल बटणाच्या रांगेत:

पंखा चालू = (ह किंवा स्व) आणि ल आणि ध

जागा ठरली, पण याहून महत्त्वाचा प्रश्न राहिलाच. धूर नसताना हा स्पर्श मिटलेला ठेवायचा की उघडा? समजा, तो उघडा ठेवला आणि धूर आल्यावर तो मिटून दुसऱ्या रिलेकरवी पंखा बंद करील अशी योजना केली. चाचणीत ती झकास चालेल. पण पुढे उंदराने तार कुरतडली किंवा स्क्रू सैल झाला, तर काय? रोज पंखा छान फिरत राहील, कुणालाच काही कळणार नाही, आणि ज्या दिवशी धूर येईल त्या दिवशीही तो फिरतच राहील.

म्हणून धुराच्या संवेदकातला छोटा रिले स्वच्छ हवेत सतत ओढलेला ठेवतात आणि त्याने मिटवलेल्या स्पर्शातून पंख्याचे मंडल नेतात. धूर आला तर तो रिले सुटतो. तार तुटली किंवा संवेदकाची वीज गेली, तरी परिणाम तोच: पंखा बंद. बिघाड झाला की लगेच उकडू लागते आणि कुणीतरी तक्रार करते. उकाडा त्रासाचा खरा, पण न कळलेल्या बिघाडापेक्षा तो परवडला.

या तक्रारीतूनच एक दुखणे मात्र उद्भवते. धूळ साचली, डासांसाठी फवारणी झाली, की संवेदक उगाच पंखा थांबवतो. मग वैतागून कुणीतरी ‘ध’च्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावून टाकतो. पंखा सुरळीत चालतो. संरक्षण मात्र संपलेले असते. आमच्या मते यावर खरा इलाज संवेदक वेळच्या वेळी साफ करणे हाच.

धूर विरळ झाल्यावर संवेदक पूर्ववत होतो. पंख्याने तेव्हा आपोआप सुरू व्हावे का? मुळीच नाही; आग धुमसत असेल तर पुन्हा धूर पसरेल. आपल्या जोडणीत ‘स्व’ सुटलेला असल्यामुळे माणसाने येऊन बटण दाबल्याशिवाय पंखा फिरत नाही. रात्री वीज येताच पंप सुरू व्हावा म्हणून शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. तसे काही या पंख्याला बसवले असेल, तर धूर आल्याची आठवण ठेवणारा आणि हाताने सोडवावा लागणारा आणखी एक रिले लागतो.

इमारतीतला प्रत्येक पंखा धुरात थांबवायचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. तळघरातला धूर बाहेर फेकणारे किंवा जिन्यात स्वच्छ हवेचा दाब राखणारे पंखे धुरात चालूच हवेत. तिथे तुटलेली तार पंखा सुरू करू शकत नाही. म्हणून त्या तारेतून सतत बारीकसा प्रवाह सोडून ठेवतात. तो थांबला की बिघाडाची घंटा वाजते.

हे सारे शाळेत करून पाहा, पण घरच्या २३० व्होल्टवर मुळीच नाही. १२ व्होल्टची बॅटरी, स्पर्शांच्या दोन जोड्या असलेला १२ व्होल्टचा रिले, जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा आणि घंटीचे एक बटण पुरे. रिलेच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम असेल तर प्रवाह किती? १२ भागिले ४००, म्हणजे ३० मिलिअँपिअर. एक स्पर्श बटणाला समांतर जोडा, दुसरा पंख्याच्या वाटेत. लाल बटण आणि संवेदक यांच्याऐवजी पत्र्याच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीतल्या पट्ट्या एकमेकींना टेकवून ठेवा. पंखा सुरू करा आणि ‘संवेदका’च्या पट्ट्या दूर करा. मग एकेक तार सोडवून पाहा आणि कोणती तार सुटली असता पंखा थांबत नाही ते वहीत लिहा.

जाता जाता एक कोडे. दोन खोल्यांत दोन संवेदक आहेत. कोणत्याही एका खोलीत धूर आला तरी पंखा थांबला पाहिजे. त्यांचे मिटलेले स्पर्श एकसर जोडाल की समांतर? आधी वरच्यासारखी ओळ लिहा, मग जोडून पाहा.