जुनी फायबरची बोट स्वतः रंगवताय? आधी ती वाळलीय का ते बघा

पवना धरणाच्या कडेला कॅम्पिंगचा धंदा करणाऱ्या दोस्तांसाठी आजचा विषय. शेडमागे उलटी पडलेली जुनी फायबरची बोट. नवी घ्यायला पैसे अडकवायचे नाहीत आणि भंगारात द्यायला मन होत नाही. घरीच रंगवून हंगाम निघेल का? निघेल. पण रंग मारणं हा या कामातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे.

माझी चूक आधी सांगतो. पहिली बोट मी ऑक्टोबरमध्ये करायला घेतली. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, दिवाळीच्या सुट्टीचं गिऱ्हाईक डोळ्यासमोर. महिन्याभरात तळाला फोड आले आणि नखाने ओढलं तरी रंगाची साल निघायला लागली. सामान गेलं, मजुरी गेली आणि ऐन सुट्टीत बोट परत उलटी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात भेगांमधून ओल आत मुरते, वरून मात्र बोट कोरडी दिसते. म्हणून आता मी तळाला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवतो आणि एक दिवस सोडतो. आतून घाम दिसला, तर काम थांबवायचं. फेब्रुवारी ते एप्रिल, हाच आपला मोसम.

मग इंजिन बसतं ती मागची फळी तपासा. बऱ्याच बोटींत फायबरच्या आत प्लायवूड असतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. तिथे रंगाने काही होत नाही. त्या बोटीत लोकांची पोरंबाळं बसणार आहेत, हे विसरू नका.

आता साफसफाई. साबणाने धुवा, वाळवा, मग अ‍ॅसिटोनने जुनं वॅक्स काढा. हे सगळं पॉलिशपेपर मारण्याआधी! आधी घासलं तर वॅक्स ओरखड्यांत भरतं आणि पुढे रंग धरत नाही. एका फडक्याने लावा, दुसऱ्या कोऱ्या फडक्याने पुसा.

भेग असेल तर ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडा, कडा लांबवर उतरत्या घासा आणि मॅट-रेझिनचे थर द्या. रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट साधारण १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला १-२ ग्रॅम. अंदाजाने नाही, काट्यावर मोजून. एप्रिलच्या उन्हात ते लवकर गोठतं, तेव्हा थोडं थोडंच कालवा. आणि हे नीट ऐका: दुकानदार कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट अशा दोन बाटल्या देत असेल, तर त्या दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायच्या नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, कॅटॅलिस्ट नंतर. कॅटॅलिस्टसाठी डोळ्यांवर चष्मा हवाच.

रंग म्हणाल तर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन डब्यांचा पीयू. दरवाजा-खिडकीचा ऑइलपेंट स्वस्त पडतो, पण पाण्यात टिकत नाही. थिनर त्याच कंपनीचं घ्या. स्प्रेच्या नादाला घरी लागू नका. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. रोलरने लावा, लगेच कोरड्या ब्रशने हलकेच सारखं करा. पातळ दोन-तीन हात, सावलीत. सकाळी दव उडाल्यावर सुरू करा आणि दुपारपर्यंत आवरा, म्हणजे रात्रीच्या दवाआधी रंग धरतो.

हिशोबात स्वतःची मजुरी धरा. बोट बंद असतानाच्या बुडालेल्या फेऱ्याही धरा. आपण नेमकं तेच विसरतो आणि "स्वस्तात झालं" म्हणतो. मागची फळी आणि तळ दोन्ही गेले असतील, तर मी तरी तो सौदा सोडून देईन.

इंजिनची बोट असेल तर तिला २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी लागते. रंगाखाली गेलेला नंबर परत ठळक लिहून घ्या. उरलेल्या हार्डनरचा डबा घट्ट लावा, हवेतल्या ओलाव्यानेही तो खराब होतो, आणि जून काही लांब नाही.