डॉक्टरकीचा परवाना : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाकडमध्ये दत्तमंदिर रस्त्याने किंवा कस्पटे वस्तीतून चालत गेलात, तर दर दोन-चार इमारतींमागे दवाखान्याची पाटी दिसते. एका पाटीवर एमबीबीएस, एमडी. शेजारच्या पाटीवर बीएएमएस. पुढच्या गल्लीत बीएचएमएस आणि त्याला जोडून सीसीएमपी. हिंजवडीतल्या आयटी कंपन्या आणि चाकण पट्ट्यातले कारखाने यांच्यामुळे इथे राहायला आलेल्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा डॉक्टर नसतो. पोराला ताप भरला की जवळची पाटी बघून आत शिरायचं, एवढाच मार्ग उरतो.

त्या पाटीमागे कोणती परीक्षा आहे, ती कोणी घेतली, परवाना कोणी दिला आणि तो आज वैध आहे का, याचा पत्ता फार थोड्यांना असतो. त्यात लोकांचा दोष कमी आणि नियमांचा जास्त. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा १९६५चा. मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा यांचे नोंदणीचे वेगवेगळे कायदे एकत्र आणण्यासाठी तो झाला. तेव्हा केंद्रात १९५६चा भारतीय वैद्यक परिषद कायदा होता. त्याची जागा २५ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्याने सांगितलेली परवाना परीक्षा मात्र आजवर एकदाही झालेली नाही. जुनं पुरतं गेलेलं नाही आणि नवं पुरतं आलेलं नाही, अशा अवस्थेत जे गैरसमज रुजले, त्यातले सहा इथे तपासू.

गैरसमज १ : एमबीबीएस झाल्यावर वकिलांसारखी परवान्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

वस्तुस्थिती : वकिलांना कायद्याच्या पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, हे खरं. भारतात शिकलेल्या डॉक्टरांना आज तशी परीक्षा नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यापीठाची अंतिम परीक्षा आणि मग एक वर्षाची इंटर्नशिप, असा हा प्रवास आहे. इंटर्नशिपच्या वर्षापुरती तात्पुरती नोंदणी मिळते. ती पूर्ण झाल्याचा दाखला दिला की परिषदेच्या नोंदवहीत कायमचं नाव चढतं. म्हणजे विद्यापीठाची शेवटची परीक्षा हीच व्यवहारात परवान्याची परीक्षा.

ती सर्वांची एकच नसते, हा खरा मुद्दा आहे. पुण्यातल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा देतो. पिंपरीतल्या डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी त्याच संस्थेच्या अभिमत विद्यापीठाची परीक्षा देतो. कायद्याच्या नजरेत दोन्ही पदव्या सारख्याच आणि दोघांनाही नोंदणी क्रमांक मिळतो. पण प्रश्नपत्रिका वेगळी, परीक्षक वेगळे. देशभर एकच परीक्षा असावी, ही मागणी इथूनच पुढे आली.

गैरसमज २ : ‘नेक्स्ट’ परीक्षा सुरू झाली आहे.

वस्तुस्थिती : कायद्यात ती आहे, प्रत्यक्षात नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की, एमबीबीएसची अंतिम परीक्षा, व्यवसायाचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या तिन्हींसाठी एकच राष्ट्रीय परीक्षा असेल. कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांत ती सुरू व्हायची होती. मग ही मुदत एका वर्षाने वाढवली गेली.

जून २०२३मध्ये तिचे नियम जाहीर झाले. पहिला टप्पा संगणकावर : सहा प्रश्नपत्रिका, एकूण ५४० बहुपर्यायी प्रश्न. औषधवैद्यक, शस्त्रक्रिया आणि स्त्रीरोग-प्रसूती यांचे प्रत्येकी १२०. बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा यांचे प्रत्येकी ६०. दुसरा टप्पा इंटर्नशिपनंतर आणि प्रात्यक्षिकाचा. त्यात उमेदवार रुग्ण तपासतो कसा, हे बघायचं होतं. २८ जुलै २०२३ला सराव परीक्षा ठरली होती. तिच्या दोन आठवडे आधी, १३ जुलैला, आरोग्य मंत्रालयाच्या सूचनेवरून सगळंच पुढे ढकललं गेलं. पुढचे आदेश येईपर्यंत, एवढंच सांगण्यात आलं.

तेव्हापासून प्रत्येक तुकडी याच टांगणीवर शिकते आहे. नेमकी कोणती परीक्षा द्यायची हे चौथ्या वर्षापर्यंत ठाऊक नसणं, हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. एखाद्या कोचिंग क्लासने ‘नेक्स्ट’ची नक्की तारीख सांगून पैसे मागितले, तर आधी आयोगाची अधिसूचना दाखवायला सांगा.

गैरसमज ३ : परदेशातून एमबीबीएस करून आलेले डॉक्टर परीक्षेविनाच दवाखाना थाटतात.

वस्तुस्थिती : उलट आहे. आजच्या घडीला पदवीनंतर परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते ती त्यांनाच. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपिन्स इथे शिकून आलेल्या मुलामुलींना २००२पासून ‘एफएमजीई’ नावाची चाळणी परीक्षा आहे. वर्षातून दोनदा होते. प्रश्न ३००, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. जून २०२३च्या परीक्षेत दहातले जवळपास नऊ जण नापास झाले.

नोव्हेंबर २०२१च्या नियमांनी अटी आणखी कडक केल्या. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत हे सारं उरकायचं. जिथे शिकलं, त्या देशात व्यवसाय करण्याइतकी पात्रताही ती पदवी देणारी हवी. मुलाला परदेशी पाठवण्याआधी आईवडिलांनी फीच्या तक्त्याबरोबर हे नियमही वाचले पाहिजेत. एजंट ते सांगतीलच असं नाही.

आणि ही चाळणी पार केलेल्या डॉक्टरला ‘बाहेरचा’ म्हणून हिणवणं चूक आहे. ‘नेक्स्ट’ आली की देशात शिकलेले आणि परदेशात शिकलेले दोघेही एकच परीक्षा देतील, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. तिच्या बाजूचा माझ्या मते सर्वांत भक्कम मुद्दा हाच.

गैरसमज ४ : एकदा नोंदणी क्रमांक मिळाला की तो जन्मभर चालतो.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. मान्यताप्राप्त परिषदा, कार्यशाळा, व्याख्यानं यांना हजर राहून ते मिळतात. नूतनीकरण थकलं की क्रमांक पाटीवर तसाच राहतो, वैधता मात्र जाते.

पण ही अट ज्ञानाची परीक्षा घेत नाही, हजेरी मोजते. तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या डॉक्टरने नवी प्रतिजैविकं, नवे उपचार आत्मसात केले की नाही, हे क्रेडिट पॉइंटवरून कळत नाही. मन लावून शिकत राहणारे डॉक्टर असंख्य आहेत. ते नियमामुळे नव्हे, स्वतःच्या निष्ठेमुळे शिकतात. नियमांनी त्या निष्ठेला आधार द्यायला हवा.

गैरसमज ५ : राज्य बदललं की डॉक्टरला पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

वस्तुस्थिती : भारतात तसं नाही. कर्नाटकात किंवा बिहारमध्ये नोंदणी झालेला डॉक्टर वाकडला आला, तर त्याला आधीच्या परिषदेचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नाव नोंदवावं लागतं. हा कागदपत्रांचा व्यवहार आहे, परीक्षेचा नाही.

हा समज बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आला असावा. तिथे १९९२पासून ‘यूएसएमएलई’ ही तीन टप्प्यांची परीक्षा देशभर एकच आहे, पण परवाना प्रत्येक राज्याचं मंडळ देतं. किती वर्षांत सगळे टप्पे पार करायचे, किती वेळा बसता येईल, हे राज्याराज्यांत वेगळं. ब्रिटननेही २०२४-२५च्या तुकडीपासून सर्व पदवीधरांसाठी परवान्याची समान कसोटी आणली. एकच कसोटी ही काही भारताची अचाट कल्पना नाही. आपल्याकडे अडलंय ते अंमलबजावणीत.

गैरसमज ६ : सीसीएमपी म्हणजे परीक्षा न देता मिळालेला अ‍ॅलोपॅथीचा परवाना.

वस्तुस्थिती : इथे दोन्ही बाजूंनी अर्धसत्य सांगितलं जातं. मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, त्या पूनम वर्मा प्रकरणात १० मे १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, एका पद्धतीची नोंदणी घेऊन दुसऱ्या पद्धतीचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे. पुढे २०१४मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित मुभा देण्याचं ठरलं. हा अभ्यासक्रम आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आहे आणि त्याची परीक्षाही होते. म्हणून ‘परीक्षाच नाही’ हे खोटं. पण एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि एमबीबीएसची साडेपाच वर्षं सारखीच, हेही खोटं.

इंडियन मेडिकल असोसिएशनने या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जून २०२५मध्ये वैद्यक परिषदेने या डॉक्टरांची नोंदणी सुरू करण्याची सूचना काढली, जुलैमध्ये सरकारने तिला स्थगिती दिली, सप्टेंबरमध्ये पुन्हा नोंदणीचा आदेश निघाला आणि १८ सप्टेंबरला राज्यातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा बंद पाळला. तीन महिन्यांत तीनदा दिशा बदलणारा नियम रुग्णालाही गोंधळात टाकतो आणि डॉक्टरलाही.

मग रुग्णाने करायचं काय?

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असणं आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र, पावती यांवर छापलेला असणं बंधनकारक आहे. हातातली चिठ्ठी नीट बघा. नावाखाली पदवी आणि पदवीखाली क्रमांक हवा. एमबीबीएस असेल तर तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा. बीएएमएस आणि बीएचएमएस यांच्या परिषदा वेगळ्या. वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव आणि नोंदणी पडताळता येते. परिषदेने २०२५मध्ये ‘नो युवर डॉक्टर’ हा क्यूआर कोडही आणला. पाटीजवळ तो लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन करा. २०२४पासून राष्ट्रीय नोंदवहीही आकार घेते आहे.

नोंदणी नसताना आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करणं गुन्हा आहे. केंद्रीय कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. असा संशय आला तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि परिषदेला कळवा.

राज्याकडून तीन गोष्टी व्हायला हव्यात. १९६५चा कायदा आणि त्याखालचे नियम २०१९च्या कायद्याशी जुळवून नव्याने लिहावेत. नूतनीकरणात हजेरीबरोबर शिकण्याची खरी तपासणी असावी. आणि ‘नेक्स्ट’ घ्यायची की नाही, कधी घ्यायची, याचं स्पष्ट उत्तर केंद्राकडून मिळवावं. साठ वर्षांपूर्वीच्या चौकटीत आजची वैद्यकी बसवण्याचा खटाटोप आता पुरे.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. नव्या डॉक्टरकडे जाल तेव्हा नोंदणी क्रमांक बघा आणि दिसला नाही तर विचारा. हा अविश्वास नाही, रुग्णाचा हक्क आहे. खरा डॉक्टर तो आनंदाने दाखवेल.